आभाळातला सामाईक पाणवठा

  गेल्या काही भाषणांत आपण शेतीच्या औजारांचा, चरख्याचा, दवाखान्यांचा इतिहास ऐकला. आज आम्ही एका न दिसणाऱ्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत. ती गोष्ट म्हणजे रेडिओची लहर. ती कोणाची, तिच्यावरून कोणी बोलायचं, आणि एकाच लहरीवर अनेकांना बोलायचं असेल तर एकमेकांना जागा कशी द्यायची, हा आजचा विषय. हौशी माणसांनी हा प्रश्न आभाळातल्या लहान लहान उपग्रहांवर कसा सोडवला, ते आपण पाहू. पण सुरुवात मात्र आपल्याच जिल्ह्यातून करू.

सेवाग्रामच्या आश्रमात गेलात तर बापूंच्या कार्यालयात एक जुना टेलिफोन दिसतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. त्या काळी वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत टेलिफोन ही गोष्टच नव्हती. म्हणजे सरकारला बोलायचं असेल तेव्हा तार थेट झोपडीपर्यंत येते, पण खेड्यातल्या बाईला सरकारशी बोलायचं असेल तर तिच्यापाशी काय होतं? काहीच नाही.

मग १९४२ साल आलं. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक आपल्या वर्ध्यात भरली आणि १४ जुलैला इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव झाला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढारी तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला आपल्या आष्टीत आणि शेजारच्या चिमूरला लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्यानंतर गावावर जे अत्याचार झाले त्यांची आठवण जुन्या घरांत अजून आहे. पण त्या वेळी ही बातमी बाहेर जाणार कशी? वर्तमानपत्रांवर बंदी आणि ऑल इंडिया रेडिओ सरकारचा.

तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिने आणि तिच्या साथीदारांनी लपूनछपून एक रेडिओ केंद्र सुरू केलं, काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवर ते ऐकू यायचं. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत राहायच्या. डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी त्यांना मजकूर पुरवत. याच केंद्रावरून आष्टी आणि चिमूरची हकीकत देशाला सांगितली गेली, असं उषाताईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. बायांनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचं दुःख छापायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा ते एका तरुण मुलीच्या रेडिओमुळे लोकांच्या कानावर गेलं.

हे यंत्र आलं कुठून? इथे आपल्या विषयाचा धागा लागतो. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक हौशी रेडिओवाले होते. पोटासाठी नव्हे, तर हौसेनं स्वतःचा ट्रान्समीटर जोडून दूरच्या माणसाशी बोलणारे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारनं अशा हौशी लोकांचे परवाने रद्द केले आणि त्यांची यंत्रं जमा करायला लावली. पण हातातलं कसब कोण जमा करणार? सुटे भाग जुळवून ट्रान्समीटर उभा राहिला. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी केंद्र पकडलं. आतल्याच एका तंत्रज्ञानं वाट दाखवली होती. उषाताईंची महिनोन्‌महिने चौकशी झाली, त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं. १९४६ साली त्या सुटल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता हे हौशी रेडिओवाले म्हणजे नेमके कोण? जगभर त्यांना ‘हॅम’ म्हणतात. आपल्या देशात पहिला परवाना १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर ही हौस पुन्हा रुजली. परीक्षा द्यावी लागते, रेडिओ कसा चालतो ते आणि नियम काय ते विचारतात. वय बारा पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. पास झालं की सरकार एक सांकेतिक नाव देतं, ते दुसऱ्या कोणाचं नसतं. या रेडिओवरून धंदा करायचा नाही, जाहिरात करायची नाही, पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत. शिकायचं, मैत्री करायची, आणि संकटात उपयोगी पडायचं.

हौशी लोकांसाठी जगभरच्या सरकारांनी मिळून काही पट्टे राखून ठेवले आहेत. पट्टा म्हणजे शेतातला पट्टा समजा, फक्त तो हवेतला. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा त्यातला एक. या पट्ट्यातल्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की अडतात, जमीन वाकली की वरून निघून जातात. म्हणून साध्या हातातल्या सेटवरून पुलगावची बाई फार तर वर्ध्याच्या बाईशी बोलेल, काश्मीरच्या बाईशी नाही. यावर उपाय एकच, सगळ्यांना दिसेल अशा उंच जागी कोणी तरी बसवायचं. इथला आवाज त्यानं उचलायचा आणि तिकडे टाकायचा. अशी सर्वांत उंच जागा म्हणजे आभाळ.

सरकारांनी हे आधीच ओळखलं होतं. १९७१ साली परदेशी टेलिफोनसाठी आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं. आपली आर्वी नव्हे बरं, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळची आर्वी. तिथली थाळी डोळे दिपवणारी होती. हौशी लोकांकडे ना तशी थाळी ना तेवढा पैसा. पण त्यांनी दहा वर्षं आधीच आपला रस्ता काढला होता.

१२ डिसेंबर १९६१ ला अमेरिकेत एक मोठं रॉकेट उडालं. रॉकेटाचा तोल राखायला वजनं ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी विनंती केली की एका वजनाच्या जागी आमचा डबा ठेवा. त्यांनी घरच्या गॅरेजात बनवलेला तो साडेचार किलोच्या आसपासचा डबा म्हणजे ऑस्कर-१. त्याला एकच शब्द येत होता. मोर्सच्या टिंबांत तो ‘हाय’ म्हणायचा, चार टिंबं आणि मग दोन टिंबं. बावीस दिवस तो पृथ्वीभोवती फिरला. अठ्ठावीस देशांतल्या पाचशे सत्तरहून जास्त लोकांनी तो ऐकून पत्रं पाठवली. १९६५ साली ऑस्कर-३ गेला आणि पहिल्यांदा अशा उपग्रहामार्फत एकाच वेळी अनेक हौशी लोक एकमेकांशी बोलले.

या घराण्यातल्या ऑस्कर-७ ची गोष्ट तर सासुरवाशिणीच्या चिवटपणाची आठवण करून देते. तो १९७४ साली गेला, १९८१ साली बॅटरी बिघडून मुका झाला. सगळ्यांनी त्याचा नाद सोडला. २००२ साली, एकवीस वर्षांनी, तो अचानक बोलू लागला. बॅटरीतला बिघाड आपोआप सुटला होता. तेव्हापासून ऊन असलं की तो जागा होतो आणि सावलीत गेला की झोपतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या एक हौशी रेडिओ चालवणाऱ्या बाई आपल्या साथीदारांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून हौशी रेडिओ चालवायला १९८७ नंतर परवानगीच मिळाली नव्हती. जगभरच्या हौशी लोकांशी बोलावं एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले, घाट वाहून गेले. भारतीताईंनी रेडिओ तसाच चालू ठेवला आणि बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर जाऊ लागली. कोण जिवंत आहे, कुठे औषध हवं आहे. ज्या घरात लेक बेटावर दिली आहे, तिथे ‘जिवंत आहे’ या दोन शब्दांची किंमत काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

या घटनेनंतर चारच महिन्यांनी, ५ मे २००५ रोजी, श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या प्रक्षेपण मंचावरून पहिलं रॉकेट उडालं, पीएसएलव्ही-सी६. त्यात कार्टोसॅट-१ हा दीड हजार किलोंहून जड उपग्रह होता आणि त्याच्या सोबत साडेबेचाळीस किलोचा हॅमसॅट. नावातच सगळं आलं. भारताने जगातल्या हौशी रेडिओवाल्यांसाठी सोडलेला हा उपग्रह. त्यात आवाज उचलून टाकणारी यंत्रं दोन होती. एक भारतात बनवलेलं, दुसरं नेदरलँडच्या विल्यम लेयेनार नावाच्या विद्यार्थ्यानं बनवलेलं. तो दोन वर्षं चालेल असा अंदाज होता, चालला नऊ वर्षं. जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्या संपल्या.

हॅमसॅट सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून फिरायचा. वर्ध्याच्या डोक्यावर आला की काश्मीरपासून श्रीलंकेपर्यंत सारं एकदम त्याच्या नजरेत असायचं. पण तो थांबायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत इकडच्या क्षितिजावरून तिकडे. तेवढ्या वेळात या एवढ्या मुलखातल्या सगळ्यांना बोलायचं. मग भांडणं व्हायची नाहीत का?

इथे खरी गंमत आहे. वर जाणारा आवाज ४३५ मेगाहर्ट्झच्या बाजूला आणि खाली येणारा १४५.९ च्या बाजूला, असे दोन वेगळे रस्ते होते. प्रत्येक रस्ता साठ किलोहर्ट्झ रुंद. एका बोलण्याला साधारण तीन किलोहर्ट्झ लागतात. म्हणजे वीसेक जोड्या शेजारी शेजारी बोलू शकतील. रस्ते दोन असल्यामुळे बोलणाऱ्याला आपलाच आवाज आभाळातून परत येताना ऐकू यायचा.

पण उपग्रहाची ताकद ठरलेली, उन्हावर चालणारी. ती ताकद त्या वेळी बोलणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. कोणी जमिनीवरून फार मोठ्या जोरानं बोललं की उपग्रह आपला कान आवळतो. मग त्या एकाचा आवाज खणखणीत येतो आणि बाकीचे बारीक होत होत बुडतात. बुडतात कोण? ज्यांच्याकडे छोटं यंत्र आहे, घरी बनवलेली ॲन्टेना आहे, ते. ज्यानं बुडवलं त्याला पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आज लाईन अगदी मोकळी आहे.

गावच्या सभेत किंवा गटाच्या मीटिंगमध्ये हे आपण पाहिलं नाही का? दोघी-तिघी जोरात बोलतात आणि घरी जाऊन म्हणतात, आज चर्चा छान झाली, कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती, ती ऐकू आली नाही.

हौशी लोकांनी यावर साधा नियम केला. उपग्रह स्वतःची एक बारीक खूण सतत पाठवत असतो. तुमचा परत येणारा आवाज त्या खुणेपेक्षा मोठा असता कामा नये. मोठा असेल तर तुम्हीच तुमच्या यंत्राचा जोर कमी करायचा. यावर पोलीस नाही, दंड नाही. स्वतःचा आवाज स्वतः ऐकायचा आणि स्वतःच आवरायचा.

आणखी एक अडचण होती. सेवाग्राम स्टेशनात गाडी जवळ येताना शिट्टी बारीक आणि निघून जाताना जाड वाटते ना? उपग्रहाच्या वेगामुळे लहरीचंही तसंच होतं. तुम्ही एका जागी बोलत असलात तरी तुमचा आवाज हळूहळू शेजारणीच्या जागेत सरकतो. म्हणून सारखं ऐकत राहायचं आणि थोडं थोडं सावरत राहायचं. बांध एकदा घातला आणि विसरलो, असं इथे चालत नाही.

हॅमसॅट अजून चालू होता तेव्हाच, २००८ साली, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी स्वतःचा उपग्रह करायला घेतला. नाव ठेवलं ‘स्वयम्’. एका तुकडीनं सुरू करायचं, पास होऊन जायचं, पुढच्या तुकडीनं तिथून उचलायचं, असं आठ वर्षं चाललं. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून तो गेला. वजन किलोभर, आकार आपल्या मसाल्याच्या डब्याहूनही लहान. तोल सावरायला त्यात मोटर नाही, लोहचुंबक आहे, होकायंत्राच्या सुईसारखं. त्याचं काम टपालपेटीचं. एका ठिकाणाहून आलेला निरोप जवळ ठेवायचा आणि फिरत दुसऱ्या ठिकाणावर गेलं की तिथे उतरवायचा. हौशी पट्ट्यातच तो बोलायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला.

अशा लहान उपग्रहांमध्ये निरोप देण्याची आणखी एक रीत पडली. १४५.८२५ मेगाहर्ट्झ ही एकच जागा. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी २००१ साली पीसीसॅट सोडला तो याच जागेवर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातलं हौशी यंत्रही याच जागेवर चालत आलं. पुढे आणखी उपग्रह आले. प्रत्येकाला वेगळी जागा मागायची नाही, सगळ्यांनी एकीवरच राहायचं. निरोप असतो टाईप केलेला आणि छोटा, सेकंदभरात जाणारा. आधी ऐकायचं, जागा रिकामी दिसली की निरोप टाकायचा आणि लगेच बाजूला व्हायचं. दोघांचे निरोप एकावर एक पडले तर दोन्ही वाया जातात, मग थोडं थांबून पुन्हा टाकायचा. याचा फायदा असा की कोणताही उपग्रह डोक्यावर असो, जमिनीवरच्या माणसाला सेटचं बटण फिरवायला लागत नाही. कधी दोन उपग्रह एकमेकांच्या नजरेत आले तर एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारून निरोप आणखी लांब जातो. एकाच पाणवठ्यावर दहा वाड्यांच्या घागरी भरतात, कारण कोणी घागर ठेवून गप्पा मारत बसत नाही.

पण पाणवठ्यावर गर्दी वाढली आहे. १५ फेब्रुवारी २०१७ ला आपल्या एकाच रॉकेटनं १०४ उपग्रह सोडले. बहुतेक परदेशी कंपनीचे होते आणि हौशी पट्ट्यातले नव्हते. पण उपग्रह सोडणं किती सोपं झालं आहे ते यावरून कळतं. म्हणून हौशी पट्टा वापरू पाहणाऱ्यानं आधी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडे अर्ज करायचा, असं ठरलं आहे. हा संघ १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. कोणाच्या बांधावर कोण येतं ते पाहून संघ जागा सुचवतो.

हक्क गाजवू पाहणारेही आहेत. २०१९ साली युरोपातल्या देशांच्या बैठकीत फ्रान्सनं प्रस्ताव मांडला की १४४ ते १४६ हा पट्टा विमानसेवेच्या कामासाठी देता येईल का याचा अभ्यास व्हावा. जगभरच्या हौशी लोकांनी हरकत घेतली आणि काही आठवड्यांत तो प्रस्ताव मागे पडला. आपल्याकडे गावच्या ई-क्लास जमिनीचं जे होतं तेच हे. जनावरं चरतात, सरपण मिळतं, पण कागदावर ‘पडीक’ म्हणून कोणाचा तरी डोळा असतो. ती वाचते तिथेच, जिथले लोक ती रोज वापरतात आणि वेळेवर ग्रामसभेत उभे राहतात.

मैत्रिणींनो, लहरींचा हा हक्क आपल्या दारातही येऊन पोचला आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या एकट्याच्या नाहीत आणि पैसेवाल्यांच्याही नाहीत. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. २००८ साली आजच्या तेलंगणात माचनूरला दलित शेतकरी बायांनी संघम् रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाजू लागला. १९४२ साली आष्टीची बातमी सांगायला उषाताईंना लपून बोलावं लागलं आणि तुरुंगात जावं लागलं. आज आपण हे भाषण उजळ माथ्यानं करतो आहोत.

मग आपल्या गटानं यातून काय घ्यावं? दोन गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली, पुढच्या मीटिंगमध्ये एक करून पाहा. बचतीचा हिशोब झाला की कर्ज कोणाला द्यायचं ते ठरवण्याआधी, जिचा आवाज त्या दिवशी एकदाही निघाला नाही तिला पहिल्यांदा विचारा. बोलक्या बाईनं थोडं थांबावं. थांबणं म्हणजे गप्प बसणं नाही, दुसरीचा आवाज परत येतो का ते ऐकणं आहे.

दुसरी, आपल्या घरात सातवी-आठवीत शिकणारी लेक असेल आणि तिला रेडिओ उघडून पाहायची, तारा जोडायची खोड असेल, तर तिला रागावू नका. मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्या आणि पाईप घेऊन उपग्रह ऐकण्याची ॲन्टेना घरी बनते. हौशी मंडळी जगभर ती बनवतात. विज्ञानाच्या बाईंना किंवा गुरुजींना हौशी रेडिओच्या परीक्षेबद्दल विचारा. बारा वर्षं पूर्ण झाली की दार उघडं आहे. पास झाली तर सरकारदप्तरी तिच्या स्वतःच्या हक्काचं एक नाव लागेल, ना बापाचं ना नवऱ्याचं, आणि त्या नावानं तिला जगात कोणालाही हाक मारता येईल.

रात्री अंगणात बसलात की कधी एखादी चांदणी न लुकलुकता सरळ चालत जाताना दिसेल. ते विमान नसेल तर उपग्रह असेल. त्या वेळी लेकीला एवढंच सांगा की यातल्या काहींवर कोणीही बोलू शकतं, फक्त आधी ऐकावं लागतं. पुढच्या भाषणात भेटू. तोवर राम राम.